न सोडवलेले पत्र

उधळलेली काळी घोडी, तिच्यावर तीन टोकांची टोपी घातलेला स्वार आणि घोडीच्या पोटाखाली, जणू तिने ते नुकतेच ओलांडले असावे असे, जकातनाक्याचे बंद फाटक. हे चित्र मी सातवीत असताना आमच्या गावच्या वाचनालयातल्या एका पुठ्ठा निखळलेल्या पुस्तकात पाहिले. स्वाराचे नाव डिक टर्पिन आणि घोडीचे नाव ब्लॅक बेस. शिपाई पाठीवर असताना तो लंडनहून निघतो, एका रात्रीत दोनशे मैल कापतो आणि यॉर्क शहराचे मनोरे दिसू लागतात तेवढ्यात घोडी छाती फुटून रस्त्यावर कोसळते. मी त्या घोडीसाठी रडले होते. टर्पिन वाटमाऱ्या होता, म्हणजे लोकांना लुबाडून जगत होता, हा मुद्दा त्या वयात मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकताना निदान रांजणात पडणारे खडे तरी डोळ्यांसमोर येत असत, इथे तेही नव्हते.

पुढे एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि मुलगा लीड्सला नोकरीला असल्यामुळे तीन महिने तिकडे राहून आले. यॉर्क तिथून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. तिथल्या किल्ल्यात 1705 मध्ये बांधून पूर्ण झालेली तुरुंगाची जुनी इमारत आता संग्रहालयाचा भाग आहे आणि टर्पिनची म्हणून दाखवली जाणारी कोठडीही तिथेच आहे. दगडी भिंती आणि फारच थोडा उजेड असलेली ती खोली पाहताना मला चित्रातली घोडी आठवली, हे खरे. पण त्या दिवसापासून मी टर्पिनविषयी जे जे वाचत गेले, त्यात घोडी मागे पडत गेली आणि एक पत्र पुढे येत गेले. मला आता सांगायचे आहे ते त्या पत्राविषयी, आणि त्याहून अधिक ते पत्र ओळखणाऱ्या माणसाविषयी.

त्याआधी वाटमाऱ्यांच्या प्रतिष्ठेबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण ती प्रतिष्ठा टर्पिनच्या जन्माआधीच तयार होऊन बसलेली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकात लंडनबाहेर पडणारे रस्ते हाउन्स्लो, फिंचली, बॅगशॉट यांसारख्या ओसाड माळांवरून जात असत. प्रवासी पैसा रोख बाळगीत आणि आजच्या अर्थाने पोलीस दल म्हणावे असे काही अस्तित्वातच नव्हते. सरकारची भिस्त बक्षिसावर होती. वाटमाऱ्याला पकडून दोषी ठरवणाऱ्यास 40 पौंड आणि शिवाय त्या वाटमाऱ्याचा घोडा व शस्त्रे द्यावीत, असा कायदा 1692 मध्ये झाला. घोडा ठेवणे हे सधनतेचे लक्षण असल्यामुळे पायी लुटणाऱ्या भुरट्यापेक्षा घोडेस्वार लुटारू लोकांना आपोआप वरच्या पायरीचा वाटे. क्लॉड ड्यूव्हाल हा नॉर्मंडीहून आलेला वाटमाऱ्या 1670 मध्ये लंडनला फासावर गेला. त्याने एका सरदाराची बग्गी अडवली, आतल्या स्त्रीबरोबर माळावरच नृत्य केले आणि पेटीतल्या 400 पौंडांपैकी फक्त 100 घेऊन बाकीचे सोडून दिले, अशी कथा सांगितली जाते. त्या नृत्याचे मोठे तैलचित्र दोन शतकांनंतर, 1860 मध्ये, विल्यम पॉवेल फ्रिथ या चित्रकाराने रंगवले. चित्रात ती स्त्री घाबरलेली आहे, हे मात्र त्याने प्रामाणिकपणे दाखवले आहे.

आणि 1728 मध्ये तर जॉन गे याने वाटमाऱ्यालाच संगीतिकेचा नायक केले. ‘द बेगर्स ऑपेरा’मधला तो मॅकहीथ लंडनकरांना इतका भावला की एकाच हंगामात साठांहून अधिक प्रयोग झाले. हे सारे आपल्याला वाटते तितके परके नाही. त्याच संगीतिकेवरून ब्रेख्तने जर्मन नाटक रचले आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. म्हणजे हाउन्स्लोच्या माळावरचा वाटमाऱ्या बर्लिनमार्गे का होईना, पुण्याच्या रंगमंचावर येऊन मराठीत गाऊन गेला. गेची संगीतिका गाजत होती तेव्हा टर्पिन बावीस वर्षांचा होता आणि खाटकाचा धंदा करीत होता.

एसेक्स परगण्यातल्या हेम्पस्टेड या खेड्यात 21 सप्टेंबर 1705 रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. वडील खाटीक होते आणि खानावळही चालवीत. मुलगा त्याच धंद्यात उमेदवारी करून पुढे आला, आणि राजाच्या राखीव वनातली हरणे चोरून मारणाऱ्या टोळीचा माल विकता विकता त्या टोळीतच सामील झाला. ही टोळी रस्त्यावर कोणाला अडवीत नसे, नृत्य तर दूरच राहिले. ती रात्री एकाकी घरांत शिरत असे. 4 फेब्रुवारी 1735 च्या रात्री एजवेअरजवळच्या एका शेतघरात टर्पिन आणि त्याचे साथीदार घुसले. सत्तर वर्षांच्या जोसेफ लॉरेन्स नावाच्या शेतकऱ्याला पैसे कोठे आहेत हे विचारताना त्यांनी मारहाण केली, उकळत्या पाण्याची किटली त्याच्या डोक्यावर ओतली आणि टोळीच्या म्होरक्याने घरातल्या मोलकरणीवर बलात्कार केला. एवढे करून हाती लागले ते तीस पौंडांपेक्षाही कमी. वाचनालयातल्या त्या पुस्तकात हे पान नव्हते. मुलांच्या पुस्तकात ते नसणे मी समजू शकते. पण मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या कितीतरी कथांतही ते नसते, आणि त्या मोलकरणीची आठवण तर कोणत्याच पोवाड्याला नसते, याचा मला राग येतो.

टोळीतले बरेचसे पकडले जाऊन फासावर गेले तेव्हा कोठे टर्पिन रस्त्यावर उतरला. खराखुरा घोडेस्वार वाटमाऱ्या म्हणून त्याची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची आणि तीही तुटक आहे. 4 मे 1737 रोजी एपिंगच्या जंगलात त्याला पकडायला आलेल्या टॉमस मॉरिस या वनरक्षकाच्या नोकराला त्याने गोळी घालून ठार केले. त्याबरोबर त्याच्या नावावर 200 पौंडांचे बक्षीस लागले. टर्पिन दक्षिणेतून नाहीसा झाला.

काही दिवसांनी यॉर्कशायरमध्ये हंबर नदीकाठच्या ब्रो या गावात जॉन पामर नावाचा घोड्यांचा व्यापारी राहू लागला. गावातल्या बऱ्या लोकांबरोबर तो शिकारीला जाई. अधूनमधून तो नदीपलीकडे लिंकनशायरला जाऊन येई आणि येताना विकायला घोडे आणी. ते घोडे कोठून येतात हे कोणी विचारले नाही. पामर हे आडनाव, असे मानतात, त्याच्या आईच्या माहेरचे होते. माणूस नाव टाकतो तेव्हाही अगदी अनोळखी नाव घेत नाही, आजोळीच जातो, हे मला फार खरे वाटते.

2 ऑक्टोबर 1738 रोजी शिकारीहून परतताना या पामरने भर रस्त्यात कोणाचा तरी झुंजीचा कोंबडा गोळी घालून मारला. जॉन रॉबिन्सन या शेजाऱ्याने हटकले, तेव्हा बंदूक पुन्हा भरेपर्यंत थांब, म्हणजे तुलाही घालतो, अशा अर्थाचे तो बोलला. तक्रार झाली, शांततेचा जामीन मागितला गेला आणि जामीन देता न आल्याने पामर कोठडीत गेला. मग चौकशीची चक्रे फिरली, लिंकनशायरमधल्या चोरीच्या जनावरांची प्रकरणे निघाली आणि त्याची रवानगी यॉर्कच्या किल्ल्यात झाली. ज्याच्या डोक्यावर दोनशे पौंड लावलेले होते तो माणूस एका कोंबड्यापायी आत गेला. तरीही तो आत गेला होता तो जॉन पामर म्हणून, आणि आपण कोणाला कोंडले आहे याची तुरुंगाधिकाऱ्यांना सुतराम कल्पना नव्हती.

इथे ते पत्र येते. फेब्रुवारी 1739 मध्ये पामरने हेम्पस्टेडला राहणाऱ्या आपल्या मेव्हण्याला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, पत्र लिहिले. आपण घोडेचोरीच्या आरोपावरून यॉर्कच्या तुरुंगात आहोत आणि आपल्या चारित्र्याची ग्वाही देणारे कोणीतरी मिळवून द्यावे, असा त्याचा आशय होता. सही अर्थातच जॉन पामर अशी होती. त्या काळी इंग्लंडमध्ये टपालहशील बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने भरायचे असे. आगाऊ पैसे भरून तिकीट लावण्याची पद्धत शंभर वर्षांनंतर, 1840 मध्ये आली. आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणतात तशी सगळीच पत्रे, म्हणा ना. मेव्हण्याने पत्राकडे पाहिले आणि यॉर्कला आपल्या ओळखीचे कोणी नाही, असे म्हणून ते सोडवून घेण्यास नकार दिला.

त्याने अक्षर ओळखले नसेल का? मला वाटते, ओळखले असावे, आणि म्हणूनच हात मागे घेतला असावा. याला पुरावा नाही. पण घरात ज्याचे नाव काढायची सोय उरलेली नाही अशा माणसाचे पत्र आले, तर ते हातात घेणे म्हणजे काय, हे त्याला कळत असणार. नारदाने वाल्याला विचारले होते की, तुझ्या पापात तुझी बायकापोरे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन उत्तर घेऊन आला. टर्पिनने तो प्रश्न तसा विचारला नाही, पण त्याचे उत्तर टपालातून मिळाले, किंवा खरे म्हणजे मिळालेच नाही. त्याच्या म्हाताऱ्या बापाला मात्र वाटा उचलावा लागला होता : मुलाने त्याच्याकडे आणून सोडलेला एक घोडा चोरीचा निघाला आणि त्यापायी तो चेम्सफर्डच्या तुरुंगात होता. वाल्याच्या गोष्टीत आईबाप नकार देऊन सुटतात. हेम्पस्टेडच्या खाटकाला कोणी विचारलेच नाही.

नाकारलेले पत्र सॅफ्रन वॉल्डन या जवळच्या बाजारगावच्या टपालकचेरीत परत गेले. तिथे ते जेम्स स्मिथ नावाच्या माणसाच्या नजरेला पडले. पत्त्याच्या ओळी पाहून तो थबकला. रिचर्ड, म्हणजेच डिक, टर्पिन लहानपणी शाळेत असताना त्याला लिहायला शिकवले होते ते याच स्मिथने. वरचे अक्षर टर्पिनचे आहे, असे त्याने मॅजिस्ट्रेटला सांगितले, पत्र फोडण्यात आले, आणि मग स्मिथ अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर तुडवून यॉर्कला गेला. 23 फेब्रुवारीला किल्ल्यात त्याने पामरला पाहिले आणि हा रिचर्ड टर्पिन आहे, असे सांगितले.

स्मिथविषयी याहून फारसे काही ज्ञात नाही, आणि नेमका तोच माझ्या मनातून जात नाही. अक्षर ओळखणे म्हणजे काय हे शिक्षकाला विचारावे. दरवर्षी दोनअडीचशे मुलांच्या वह्या तपासल्यावर काही अक्षरे चेहऱ्यांसारखी होतात. कोणाच्या ‘ळ’चे पोट सुटलेले असते, कोणाची वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर छत्रीसारखी धरलेली असते. एकदा आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर एका शिक्षकांविषयी चार ओळींची निनावी आणि अगदी वाईट चिठ्ठी लावलेली सापडली. लिहिणाऱ्याने अक्षर मुद्दाम वाकडे काढले होते, पण ‘ळ’ त्याला लपवता आला नव्हता. मी तो पाचवीपासून पाहत आले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती चिठ्ठी आम्हा सर्वांच्या हातांतून फिरली आणि माझ्या हातात आली तेव्हा मी ती दोन क्षण जास्त धरून पुढच्या बाईंकडे दिली. मी काही बोलले नाही. मुलगा दहावीला होता, प्रकरण शाळेतून काढण्यापर्यंत जाणार हे दिसत होते. ज्या शिक्षकांविषयी ते लिहिले होते ते पुढे कित्येक महिने शिक्षकांच्या खोलीत मान खाली घालून बसत आणि प्रत्येक वेळी मला वाटे की मी गप्प राहून त्यांच्याविरुद्ध उभी राहिले आहे. बारा वर्षांनी माझ्या घरी एक लग्नपत्रिका आली. पाकिटावरचे नाव वाचण्याआधीच ती कोणाची आहे हे मला कळले.

तेव्हा स्मिथने काय करायला हवे होते, हे ठरवण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. समोर निनावी चिठ्ठी नव्हती. एका माणसाचा खून झालेला होता, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर उकळते पाणी ओतले गेले होते. तो बोलला ते योग्यच झाले, असे मी शंभरदा म्हणेन. त्याने 200 पौंडांचे बक्षीस घेतले, हेही नोंदलेले आहे, आणि ते त्या काळी खेड्यातल्या शिक्षकाला अनेक वर्षे पुरावे एवढे होते. तरीही टपालकचेरीतला तो पहिला क्षण, जेव्हा बक्षीस, कायदा आणि न्याय अजून मनात आलेले नसतात आणि फक्त आपल्या हाताखालून गेलेले एक अक्षर समोर असते, तो क्षण कोणत्याही कादंबरीकाराने घोड्यावरच्या दौडीइतका रंगवलेला नाही, याचे मला नवल वाटते.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. 22 मार्च 1739 रोजी यॉर्कला टर्पिनवर खटला चालला तो वाटमारीचा नव्हता, खुनाचाही नव्हता. टॉमस क्रीझी नावाच्या माणसाची जनावरे, एक घोडी, तिचे शिंगरू आणि एक घोडा, चोरल्याचा तो खटला होता. घोडेचोरीला त्या वेळी देहान्ताचीच शिक्षा होती आणि क्रीझीने आपली जनावरे ओळखली होती. म्हणजे पत्र फुटले नसते, स्मिथ त्या दिवशी टपालकचेरीत गेला नसता, तरीही यॉर्कच्या फाशीच्या खांबावर बहुधा हाच माणूस चढला असता. फक्त तो जॉन पामर म्हणून चढला असता आणि आठवडाभरात लोक त्याला विसरून गेले असते. स्मिथने त्याचा जीव घेतला असे म्हणता येत नाही. त्याने त्याला नाव परत दिले. ज्या हाताने ते नाव लिहायला शिकवले होते त्याच हाताने. आपल्या भाषेत अक्षर या शब्दाला नाश न पावणारे असाही अर्थ आहे; वर्गात तो सांगताना माझ्यासमोर ज्ञानेश्वर असत, हेम्पस्टेडचा खाटीक कधी नव्हता.

ओळख पटल्यावर मग टर्पिनने नाव अंगावर घातले ते सणाच्या कपड्यासारखे. किल्ल्यात त्याला पाहायला माणसांची रीघ लागली. फाशीच्या आधी त्याने नवा कोट आणि नवे बूट विकत घेतले आणि आपल्यामागे शोक करीत चालण्यासाठी पाच माणसे तीन पौंड दहा शिलिंगांना ठरवली. 7 एप्रिल 1739 रोजी नेव्हस्माअर या मैदानावर, जिथे आज घोड्यांच्या शर्यती होतात, तो गर्दीला लवून नमस्कार करीत गेला. फाशी देणारा टॉमस हॅडफील्ड हा स्वतःच माफी मिळालेला वाटमाऱ्या होता. टर्पिनने त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि मग शिडीवरून आपणहून उडी घेतली. ड्यूव्हाल आणि मॅकहीथ यांच्याकडून लोकांना जे मिळाले होते ते आपणही दिले पाहिजे, हे त्याला नेमके कळले होते. आयुष्यभर ज्याने माळावर नृत्य केले नाही त्याने अखेरचा अर्धा तास तरी तसा घालवला.

घोडी यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आली. विल्यम हॅरिसन एन्सवर्थ याच्या 1834 च्या ‘रूकवुड’ कादंबरीत लंडन ते यॉर्क ही दौड पानेच्या पाने चालते आणि ब्लॅक बेस तिथेच मरते. मुळात दौडीची दंतकथा निराळ्याच वाटमाऱ्याची होती. 1676 मध्ये केंट परगण्यात पहाटे लूट करून नेव्हिसन नावाचा एक जण सूर्यास्ताच्या आत यॉर्कला पोहोचला आणि आपण तिथेच होतो हे ठसावे म्हणून त्याने नगराध्यक्षाशी चेंडूच्या खेळात पैज लावली, असे सांगतात. अशा दौडीची हकिकत डॅनियल डिफोनेही आपल्या प्रवासवर्णनात छापली होती, तेव्हा टर्पिनला कोणी ओळखतही नव्हते. एन्सवर्थने ती टर्पिनला दिली आणि ती त्याच्याकडेच राहिली. टर्पिनच्या दंतकथेत नायिकाच नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले. त्या जागी ही घोडी आहे. आणि खऱ्या टर्पिनला फाशी झाली ती घोडी चोरल्याबद्दल.

संग्रहालयातून निघाल्यावर मी सेंट जॉर्ज चर्चच्या जुन्या स्मशानभूमीत गेले. टर्पिनला पुरल्यावर दोनतीन दिवसांतच त्याचे प्रेत शरीरविच्छेदनासाठी चोरून नेले होते. गावकऱ्यांनी ते शोधून परत आणले आणि पुन्हा कोणी नेऊ नये म्हणून चुनकळी घालून पुरले. थडग्याच्या दगडावर दोन्ही नावे आहेत, पामर आणि टर्पिन. शवपेटीवर आद्याक्षरांबरोबर वय 28 लिहिले होते, असे मी वाचले होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे ते 33 निघते. मी मनातल्या मनात वजाबाकी करीत उभी असताना सहासात वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून तिथे आली. आईने तिला दगडावरचे नाव वाचून दाखवले. मुलीने थडग्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले आणि घोडी कुठे पुरली आहे, असे विचारले. आईला ते सांगता येईना. तिने सहज माझ्याकडे, एका वयस्कर आणि बहुधा माहीतगार दिसणाऱ्या बाईकडे, पाहिले. तोंडात आलेले उत्तर गिळून मी म्हटले की, इथे नाही, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला असेल. मुलगी ताबडतोब गावाबाहेर जायला निघाली.